खात्याचा डब्बा

आमच्याकडे शेत नव्हतं. बैलजोडी होती आणि गाडी होती. बाबा रामटेककडच्या खेड्यांतून धान, तणस, मोहफुलं, लग्नाचं वऱ्हाड, जे मिळेल ते गाडीत भरून पोचवायचे. मग ट्रक आले. आधी एका व्यापाऱ्यानं आणला, मग दुसऱ्यानं आणला, आणि बाबांची गाडी चिंचेखाली उभी राहायला लागली. मी सातवीत असताना बैल विकले. गाडी कोणी घेईना, ती तिथंच राहिली.

त्या वर्षी आम्ही कणीची आंबील खाऊन दिवस काढले. गावात मजुरी मिळायची ती धानाच्या मळणीची, आणि नेमकी तीच माझ्या मायला जमत नव्हती. मायला दमा होता. तणसाची धूळ नाकात गेली की ती खळ्यावरच मटकन बसायची आणि बायका म्हणायच्या, "हिले कायले आणता बाप्पा, आपल्यावर नाव येईन एखाद्या दिवशी." मग तिला कोणी बोलवेनासं झालं. बाबा लोकांची लाकडं फोडून द्यायचे. गावातली शाळा सातवीला संपत होती, म्हणजे माझंही तिथंच संपलं होतं.

ह्यातून वाट निघाली ती एका जीपच्या ड्रायव्हरमुळे. सर्व्हे करणाऱ्या एका सरकारी खात्याची जीप मागे कधीतरी नाल्यात फसली होती आणि बाबांच्या बैलांनी ती ओढून काढली होती. तो ड्रायव्हर पुन्हा गावात आला, बैल कुठं आहेत विचारलं, आणि उत्तर ऐकून म्हणाला, "आमच्या आवारात चौकीदार पाहिजे हाय. येता का?"

ते आवार नागपूरच्या बाहेर, कोराडी रस्त्यावर होतं. तारेचं कुंपण, लोखंडी सामानाची शेड, मोडक्या जीपा, आणि एका कडुनिंबाखाली उभा असलेला डब्बा. साहेब लोकांना दौऱ्यावर, रानात राहायला म्हणून खात्यानं तो कधीकाळी करून घेतला होता. दोन चाकांवरचं घर. बाहेरून पत्रा, आतून बाजूंना प्लायवूड, छताला मात्र नुसता रंगवलेला पत्रा. आत दोन बाकं, एक घडीचं टेबल, काचेच्या खिडक्या. पुढे जीपला जोडायचा लोखंडी दांडा. दौऱ्याची पद्धत बदलली आणि तो पडून राहिला. त्याला ट्रेलर म्हणतात हे मला कॉलेजात गेल्यावर समजलं. आवारात सगळे डब्बाच म्हणायचे.

ओव्हरसियर साहेबांनी बाबांना सरळ सांगितलं, "चौकीदाराला खोली देत नाही खातं. ह्याच्यात राहा. पण तो धडका ठेवायचा. खराब झाला की निलामात जाईल, मग तुमचं तुम्ही पाहा."

म्हणजे गोष्ट साधी होती. डब्बा होता म्हणून आम्ही नागपुरात होतो, आणि नागपुरात होतो म्हणून मी पुन्हा शाळेत होते. डब्बा गेला की गाव, आणि गाव म्हणजे माझं लग्न. हे आम्हा तिघांनाही ठाऊक होतं. माय तर पहिल्याच आठवड्यात बोलून मोकळी झाली.

"हिले कॉलेजात घालायचं."

"पोरीले? कॉलेजात?" बाबा म्हणाले.

"मंग कोणाले? बैल तं तुमी विकले."

बाबा हसले नाहीत, पण नाहीही म्हणाले नाहीत.

डब्बा कसा राखायचा हे बाबांना कोणी शिकवलं नव्हतं. त्यांना जनावर राखता येत होतं, तसाच त्यांनी डब्बा राखला. उन्हं वर यायच्या आत धुवायचा, तापलेल्या अंगावर पाणी ओतायचं नाही. कोराडीची धुरांडी तेव्हा नवीनच पेटली होती, आणि वारा तिकडून असला की सकाळी डब्ब्यावर बारीक राखेचा थर असायचा. मी एकदा तो कोरड्या फडक्यानं पुसायला गेले तर बाबा ओरडले, "रगडू नको! कातडं सोलून राहिली का त्याचं?" आधी वरून नुसतं पाणी सोडायचं, राख आपोआप उतरू द्यायची, आणि मगच फडकं. साबण माय करायची, रिठे उकळून. त्यानं रंग फिका पडत नसे. कावळ्यांची घाण दिसली की त्याच क्षणी ओली करून काढायची, नाहीतर रंगाला डाग पडायचा. पत्र्याच्या सांध्यांत खडूची भुकटी आणि जवसाचं तेल मळून केलेली लांबी भरायची. गंज दिसला तिथं पॉलिश पेपर घासून लाल रंगाचा हात द्यायचा. जवसाचं तेल मळताना घरभर वास सुटायचा. माय म्हणायची, "भाजीत टाकायचं तेल पत्र्याले पाजून राहिले."

पोळ्याच्या आदल्या दिवशी गावात बैलांची खांदमळण होते. जुवानं वर्षभर घासलेले खांदे लोण्या-हळदीनं चोळायचे आणि उद्याच्या जेवणाचं आवतन त्यांना द्यायचं. आमच्याकडे बैल नव्हते. संध्याकाळी बाबा वाटीत हळद-तेल घेऊन बाहेर गेले आणि डब्ब्याचा तो पुढचा लोखंडी दांडा चोळायला बसले. माय दारात उभी राहून पाहत होती. जीपचा ड्रायव्हर घरी निघाला होता, तो थांबला.

"काय गा, आता ह्याले सरकीची ढेपही चारतं का?"

"तुह्या जीपले चारली असती तं नाल्यात नसती बसली," बाबा मान वर न करता म्हणाले.

ड्रायव्हर खो खो हसला, आणि माय इतकी हसली की तिला ढास लागली. दुसऱ्या दिवशी दांड्यापाशी पुरणपोळी ठेवली. ती मीच खाल्ली.

मी कॉलेजात नाव घातलं त्या वर्षी थंडी फार होती. सकाळी उठलं की छताच्या पत्र्याला आतून थेंब लटकलेले असायचे. एखादा मायच्या अंगावर पडायचा, कारण तिचं अंथरूण मधोमध होतं, जिथं छतात वर हवेसाठी जाळीचा गोल झरोका होता. बाबांना वाटलं, दव पाझरतंय, छत गळतंय. ते वर चढले, पत्रा बोटानं चाचपून पाहिला, कुठं भोक सापडेना. तरी त्यांनी रस्त्याच्या कामावरून डांबर मागून आणलं आणि सगळं छत काळं करून टाकलं.

थेंब थांबले नाहीत.

मातीच्या घरात वाढलेल्या माणसाला एकच इलाज ठाऊक असतो. भोक दिसलं की बुजवायचं. भिंतीला चीर पडली, उंदरानं पोखरलं, पाणी आलं, वारा आला, की लिंपायचं. आमच्या गावात ज्या घराची भिंत गुळगुळीत त्या घरची बाई कामाची, असंच मानायचे. बाबांनी डब्बा लिंपायला घेतला. खिडक्यांच्या खालच्या पट्टीत बारीक बारीक भोकं होती. पत्र्याच्या तळच्या काठालाही होती. बाबांनी ती मला दाखवली. "पाह्य, ह्या साहेब लोकायचं डोकं! पाणी आत येयाची सोयच करून ठेवली." त्यांनी ती एक एक करून डांबरानं बुजवली. खिडक्यांच्या कडांना लांबी भरली. शेवटी छतातला झरोका राहिला.

"तेवढं राहू द्या," माय म्हणाली. "मले कोंडल्यासारखं होते."

"त्याच्यातूनच थंडी येते वं. थंडीनंच तं तुले दम लागते."

"वारा पायजे मले."

"वारा कायले पायजे? बरी हो आधी."

त्यांनी झरोक्यावर पत्र्याचा तुकडा ठोकला आणि वरून डांबर ओतलं. हे त्यांनी तिच्यासाठी केलं. मी तिथं होते, मी पाहिलं आहे. डांबरानं त्यांच्या बोटांना फोड आले होते.

त्यानंतर थेंब वाढले. सकाळी गोधडी ओली लागायची. भिंतींना, कोपऱ्यांत, काळपट बुरशी धरली. बाबा म्हणायचे, अजून कुठंतरी राहिलं आहे, आणि पुन्हा वर चढायचे. माय पहाटेची उठून बाहेर जायला लागली. पांघरूण गुंडाळून त्या पुढच्या दांड्यावर बसायची, आणि तिथं उघड्यावर, थंडीत, तिचा श्वास जरा सरळ चालायचा. बाबा उठले की तिला शोधत यायचे आणि रागवायचे. "मरायचं हाय का तुले? चाल आत." हात धरून तिला आत आणायचे आणि दार लावून घ्यायचे. ती काही बोलायची नाही. बोलायला तेवढा श्वासच नसायचा.

माघात ती गेली. सकाळी ओठ निळे पडले. ड्रायव्हरनं जीप काढली, आम्ही तिला मोठ्या दवाखान्यात नेलं, आणि संध्याकाळी तिथंच तिचं संपलं. डॉक्टर म्हणाले, फार दिवसांचा दमा होता. तो होताच.

मी कॉलेज सोडलं नाही. सोडावं असं नात्यातल्या चार बायका सांगून गेल्या. बापाला भाकरी कोण घालेल, जवान पोरीनं असं उघड्या आवारात कसं राहायचं. बाबांनी त्यांना एवढंच सांगितलं, "तिच्या मायनं घातलं हाय कॉलेजात. म्या नाई घातलं. मले काढता नाई येत."

कॉलेजात मी डब्ब्यात राहते हे लपलं नाही. एका मुलीनं सगळ्यांसमोर विचारलं, "डब्ब्यात म्हणजे? बिस्किटाच्या का गं?" मी म्हटलं, "हो. आणि भलत्यांसाठी झाकण उघडत नाही आम्ही." मला माझ्या घराची लाज वाटत नव्हती. आजही वाटत नाही. त्या डब्ब्याइतकं स्वच्छ घर त्या वर्गातल्या एकीचंही नसेल.

बाबांनी सगळं दुःख त्या पत्र्यावर काढलं. ते मायचं नाव घेत नसत. उन्हाळ्यात काळं छत असं तापायचं की आत बसवत नसे, मग त्यांनी डांबरावर चुन्याचे हात दिले. पहिल्या सरीनं चुना ओघळून बाजूंवर पांढरे पट्टे यायचे, ते रिठ्याच्या पाण्यानं काढायचे, मग पुन्हा चुना. दर वर्षी बाहेरून रंगाचा नवा हात. जाणारे-येणारे रस्त्यावर थांबून पाहायचे. ड्रायव्हर म्हणायचा, "ह्या डब्ब्यात नवरी बसवून वरात काढा गा." त्याची ती थट्टा बाबांना आवडायची, एवढं मला दिसायचं.

मी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होते तेव्हा खात्यात नवीन साहेब आले आणि दिवाळीनंतर आवार तपासायला निघाले. बाबांनी डब्बा आदल्या दिवसापासून धुतला होता. साहेब भोवती फिरले. "वा! हा इतका जुना आहे असं वाटत नाही," असं म्हणाले. ओव्हरसियर साहेबांची छाती फुगली. मग साहेब आत आले, बाकावर टेकले आणि उठताना त्यांनी खिडकीखाली हात टेकवला. हात प्लायवूडमध्ये गेला. भिजलेल्या पुठ्ठ्यात जावा तसा.

साहेबांनी हात बाहेर काढला, बोटांना लागलेला काळा भुगा पाहिला आणि बाहेर येऊन पत्र्याच्या तळच्या काठाशी वाकले.

"पाणी निघायची भोकं कुठं आहेत ह्याची?"

बाबा म्हणाले, "पाणी निघायची? ती तं पाणी शिरायची होती साहेब. म्या बुजवली."

साहेबांनी खिशातल्या किल्लीनं एका जागचं डांबर टोकरलं. पपडी निघाली, आणि तपकिरी, कुजक्या वासाचं पाणी त्यांच्या बुटावर धारेनं आलं. ते बराच वेळ वाहत राहिलं.

साहेब चांगले होते. ते ओरडले नाहीत. त्यांनी समजावून सांगितलं की कितीही लिंपलं तरी काचेच्या कडेनं थोडं पाणी आत जातंच, ते बाहेर पडावं म्हणून खाली भोकं असतात. आणि आत माणसं झोपली की त्यांच्या श्वासाचं पाणी होऊन थंड पत्र्याला धरतं, म्हणून वर झरोका असतो.

"श्वासाचं?" बाबांनी विचारलं.

"हो. आपल्याच श्वासाचं."

"मंग छत... छत गळत नव्हतं?"

साहेबांनी वर पाहिलं. "छत? छताला काय झालंय? छत उत्तम आहे."

बाबा फाटकाकडे गेले आणि तिथं कुंपणाचा खांब धरून उभे राहिले.

साहेबांनी ओव्हरसियरना सांगितलं की सांगाडा कुजला आहे, डब्बा निकामी लिहावा लागेल, निलामात काढा. मी पुढे झाले. मला बोलायची भीती कधीच नव्हती. मी म्हटलं, "साहेब, मी बी.ए. फायनलला आहे. उन्हाळ्याच्या तोंडाला परीक्षा आहे. तेवढं होईपर्यंत ठेवा." त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग डब्ब्याकडे. "हा तोपर्यंत उभा राहिला तर राहा. पण बाजू खचली तर मी तुम्हाला आत राहू देणार नाही. माणूस मरेल खाली."

दोन-तीन दिवस बाबांनी डब्ब्याला हात लावला नाही. राख साचत गेली. मग एका सकाळी पाहिलं तर ते छतावर होते, हातात खुरपं आणि शेजारी घासलेटचा डबा. एवढ्या वर्षांचं डांबर ते खरवडत होते. मी खालून कपच्या गोळा करत होते. झरोक्यावरचा पत्रा त्यांनी पहारीनं उचकटला, आणि आत मायच्या अंथरुणाच्या जागेवर उन्हाचा एक गोल पडला.

बाबा वर बसून होते. मला त्यांचे फक्त पाय दिसत होते.

"ती सांगून राहिली होती," ते म्हणाले. "वारा पायजे म्हणून. म्या आयकलं नाई."

"बाबा, तिले थंडी लागू नये म्हणूनच तं केलं तुमी."

"हो," ते म्हणाले. "थंडी तं नाई लागली तिले."

त्या झाकणानंच मायचा जीव गेला असं मी म्हणत नाही. मी डॉक्टर नाही, आणि तिचा दमा माझ्या जन्माआधीचा होता. पण हे बाबांना सांगून उपयोग नव्हता. मी सांगून पाहिलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि खुरपं चालू ठेवलं.

मग त्यांनी डब्बा उभा ठेवला. कुजलेलं प्लायवूड सगळं काढलं. आतल्या चौकटीचं जे लाकूड दाबलं की बोट जाई, ते तासून टाकून तिथं बाभळीचे तुकडे बसवले, गाडीच्या चाकाला आरा बसवावा तसे, ठोकून, फटीत केस जाणार नाही असे. त्यांना जवसाचं तेल पाजलं. पत्रा पुन्हा आवळला. लांबी फक्त वरच्या सांध्यांना भरली. खालची भोकं दर रविवारी बारीक तारेनं साफ करायचे. भिंती आतून उघड्याच होत्या, लाकडाच्या फासळ्या दिसायच्या, आणि त्या फासळ्यांत मी माझी पुस्तकं ठेवायची.

ती थंडी कोरडी गेली. रोज सकाळी बाबा उठायचे, हात वर करून छताच्या पत्र्यावरून तळवा फिरवायचे आणि तळव्याकडे पाहायचे. तळवा कोरडा असायचा. मी वाचत असल्याचं सोंग करायची. असं ते सबंध पौष आणि माघ करत होते, आणि त्यातला प्रत्येक दिवस मला परीक्षेपेक्षा जड गेला.

एका वादळात फांदी पडून डब्बा एका अंगाला कलला. त्या वेळी मात्र बाबा घाबरलेले मी पाहिले. ड्रायव्हर आणि ते मिळून जॅक लावत होते, आणि बाबा एकसारखे म्हणत होते, "थोडेच दिवस राह्यले रे बाप्पा, थोडेच दिवस." ते ड्रायव्हरला म्हणत होते की डब्ब्याला, मला सांगता येणार नाही. बाभळीनं दम धरला. बाजू खचली नाही.

मी शेवटचा पेपर देऊन आले तेव्हा बाबा दारात बसले होते. पेपर कसा गेला हे त्यांनी विचारलं नाही. "झाले का सगळे?" एवढंच विचारलं. मी हो म्हटलं. ते उठून आत गेले आणि दिवसाउजेडी झोपले. मी त्यांना दिवसा झोपलेलं पहिल्यांदाच पाहत होते.

पुढच्याच महिन्यात निलाम झाला. कोंबड्या पाळणाऱ्या एका माणसानं डब्बा घेतला आणि ट्रॅक्टरला जोडून नेला. आम्ही ड्रायव्हरच्या घरामागच्या पडवीत सामान टाकलं. तिथंच मला निकाल समजला, आणि पावसाळा संपायच्या आत एका शाळेत नोकरी लागली. एक खोली घेतली. तिला समोरासमोर दोन खिडक्या होत्या. ती बाबांनीच निवडली.

मी दुसऱ्या वर्गात बी.ए. झाले. आमच्या घरात माझ्या आधी कोणी आठवीही शिकलं नव्हतं.